नदीचे मूळ शोधायलाच हवे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली आहेत. आपल्या बडोद्याच्या नदीला तर ऋषीचेच नाव आहे. त्यामुळे ही म्हण आपण बडोदेकरांनी दुप्पट निष्ठेने पाळली, असे म्हणावयास हरकत नाही. त्यातही गंमत अशी, की विश्वामित्रांचे कूळ सर्वांना ठाऊक आहे. ते मूळचे क्षत्रिय राजे. तपाच्या बळावर ब्रह्मर्षी झाले. विश्वामित्रीचे मूळ मात्र कोठे, वाटेत तिला कोण कोण भेटते आणि शहर सोडल्यावर ती कोठे जाते, असे कोणी विचारले, तर तीन-चार पिढ्या येथे राहिलेली, सुशिक्षित माणसेही क्षणभर थबकतात. आपण तिला रोज ओलांडतो. पण आपल्याला ती पुलाच्या लांबीपुरतीच परिचित असते.

हे अज्ञान एके काळी निरुपद्रवी होते. आता ते तसे राहिलेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने, आजार आणि औषधे यांचा नेहमीचा विषय थोडा बाजूला ठेवून, आपल्या नदीविषयी आणि ती आपल्या मुलांना कशी शिकवावी याविषयी काही विचार मांडावेत असे योजिले आहे. विषय आपल्या व्यवसायापासून वाटतो तितका दूर नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

पावागढ ते खंबातचे आखात

विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगम पावते. कालिकामातेच्या दर्शनाला आपण ज्या डोंगरावर जातो, आणि ज्याच्या पायथ्याशी चांपानेरचे अवशेष आहेत, तोच हा पावागढ. २००४ साली चांपानेर-पावागढ परिसराला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आठशे मीटरच्या आसपास उंचीच्या या डोंगरावर पडलेले पाणी अल्पावधीत सपाट प्रदेशात उतरते आणि मही व नर्मदा या दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातून पश्चिमेकडे संथपणे वाहू लागते. वाटेत सूर्या नदी तिला येऊन मिळते. बडोदे शहर समुद्रसपाटीपासून अवघ्या चाळीस मीटरच्या आसपास आहे. डोंगरावरून वेगाने आलेल्या पाण्याला येथे उतारच उरत नाही. म्हणून नदी वळणावळणाने जाते. शहरानंतर पुढे पिंगळवाड्याजवळ ती ढाढर नदीला मिळते आणि त्या नावाने खंबातच्या आखातात विसर्जित होते.

परंतु नदी म्हणजे केवळ ही एक रेषा नव्हे. ज्या ज्या जमिनीवरचा पाऊस अखेर या पात्रात येतो, ती सारी जमीन म्हणजे तिचे पाणलोट क्षेत्र. त्यात पावागढची झाडी येते, हालोलकडील शेते येतात, खेड्यांतली तळी येतात आणि आपल्या सोसायटीची गच्चीही येते. नदीकाठच्या खोल घळींना येथे ‘कोतर’ म्हणतात. पुराचे पाणी या कोतरांत शिरते, पसरते, थांबते आणि सावकाश परत येते. शहरातून वाहणाऱ्या भूखी, रूपारेल, मसिया या ‘कांसां’ना आपण गटार समजतो. वस्तुतः त्या पावसाचे पाणी नदीकडे नेणाऱ्या वाटा आहेत. सुरसागर व इतर तलाव हे या व्यवस्थेतले साठवणीचे भाग. शरीरातील एखादा अवयव वेगळा काढून त्याचे आरोग्य सांगता येत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. नदीचेही तसेच आहे.

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळी हे पाणलोट क्षेत्र ध्यानात घेऊनच शहराच्या पाण्याची योजना झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर अजव्याचा बांध घालून सयाजी सरोवर निर्माण करण्यात आले. शंभरहून अधिक वर्षे शहराच्या काही भागांची तहान ते भागवीत आहे. पावसाळ्यात याच अजव्याचे आणि प्रतापपुऱ्याचे जादा पाणी विश्वामित्रीत येते. म्हणजे उन्हाळ्यात आपल्या नळाला येणारे पाणी आणि श्रावण-भाद्रपदात आपल्या दाराशी येणारे पाणी ही एकाच घरातली भावंडे आहेत.

पुराने दिलेला धडा

३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत जवळजवळ पाचशे मिलिमीटर पाऊस झाला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी पंचवीस फूट मानली जाते. शहराच्या विस्तीर्ण भागात घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. अनेकांचे दवाखाने, उपकरणे, रुग्णांच्या नोंदी, औषधांचे साठे नष्ट झाले. लोकवस्तीत शिरलेल्या मगरींना पकडून सुरक्षित स्थळी नेण्याचे काम वनखाते आणि स्वयंसेवक अहोरात्र करीत होते.

त्यानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र रुंद व खोल करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. पाणी लवकर निघून जावे ही त्यामागची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु पात्र कितीही खणले, तरी वर डोंगर उघडा पडत गेला, मध्ये तलाव आणि कोतरे भरावाखाली गेली आणि कांसांवर बांधकामे झाली, तर पाणी एकाच वेळी, एकाच ठिकाणी येणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ साली विश्वामित्रीसंबंधी दिलेल्या आदेशात नदीबरोबर तिच्या पूरक्षेत्राच्याही रक्षणावर भर दिला आहे. मात्र पूरक्षेत्र कोणते हे ज्या नागरिकाला ओळखताच येत नाही, तो त्याचे रक्षण कसे करणार? एखाद्या सकाळी कोतरात भरावाची गाडी रिकामी होताना पाहून त्याला काहीच खटकत नाही, कारण ती त्याला पडीक जागा वाटते. नदीच्या रक्षणातली खरी उणीव ही अशी पाहण्याची आहे. कायद्याची उणीव त्यानंतर येते.

भीती आणि ओळख

येथे एका दुःखद घटनेचा उल्लेख टाळता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली. बारा मुले आणि दोन शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. ज्या घरांतली मुले गेली त्यांच्या दुःखाला शब्द नाहीत. त्या वर्षी जानेवारीत ही घटना आणि ऑगस्टमध्ये पूर. बडोद्यातल्या आईबापांच्या मनात पाण्याविषयी भय बसले असेल तर त्यांना कोण दोष देईल?

तरीही थोडे थांबून विचार केला पाहिजे. हरणीला मुले गेली ती पाण्याचा अभ्यास करायला नव्हे, करमणुकीच्या सहलीला. तेथे उणीव होती ती नियमांची, देखरेखीची, मोठ्यांच्या जबाबदारीची. यातून आपण ‘मुलांना पाण्याजवळ नेऊच नये’ असा निष्कर्ष काढला, तर पुढील पिढी नदीला केवळ भिंतीपलीकडून ओळखेल. जी वस्तू भिंतीपलीकडे असते, तिच्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही. पाण्याची भीती घालवावयाची नाही. तिचे रूपांतर जाणतेपणात करावयाचे आहे. विश्वामित्रीतील मगरी हे याचे उत्तम उदाहरण होय. २०२५ च्या गणनेत शहरानजीकच्या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. इतक्या दाट लोकवस्तीच्या मधोमध एवढ्या मगरी असणारे शहर जगात विरळाच. ज्याला ठाऊक असते की मादी हिवाळा सरताना काठाच्या मऊ मातीत अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिले बाहेर येतात आणि या दिवसांत ती अधिक आक्रमक असते, तो त्या काठाला जातच नाही. ज्याला हे ठाऊक नसते, तो तेथे कपडे धुवायला किंवा मूर्ती विसर्जित करायला उतरतो.

कुरणातली शाळा

निसर्गशिक्षणाची कल्पना परदेशातून आली असा समज आहे. तो पूर्णतः खरा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानात लागू केला. शाळेत मूल आले पाहिजे, हा त्या पिढीचा आग्रह होता. पुढच्या पिढीने विचारले, की मूल शाळेत येऊ शकत नसेल तर काय? गुजरातमध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे बोर्डी व कोसबाड येथे गेल्या. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखीत. तेव्हा ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव आजही शिक्षणक्षेत्रात आदराने घेतले जाते. भोवतालचे गवत, पाखरे, दगड, पाणी हीच तेथली शिक्षणाची साधने होती. गुजराती आणि मराठी अशा दोन्ही मातींत रुजलेला हा वारसा आपल्यासारख्या बडोदेकर मराठी समाजाला तर विशेष जवळचा वाटावा.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले. त्यामुळे तो पाठ्यपुस्तकांत आला, परीक्षेत आला. ‘नदीप्रदूषणाची कारणे लिहा’ या प्रश्नाला मुले पाच मुद्दे पाठ करून लिहितात आणि घरी परतताना ज्या कांसावरून जातात तिचे नाव त्यांना ठाऊक नसते.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातले आहे, आणि ते आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने फार बोलके आहे. १९८४ च्या सुमारास ॲन आर्बर गावी ह्यूरन नदीत जलक्रीडा करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना ‘हिपॅटायटिस ए’ झाल्याने चिंता निर्माण झाली. तेथील माध्यमिक शाळेतील मुलांनी मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मार्गदर्शनाखाली स्वतः नदीचे पाणी तपासावयास आरंभ केला. विष्ठाजन्य जीवाणूंचे प्रमाण जास्त आढळले, तेव्हा तो प्रश्न त्यांनी नगरप्रशासनापुढे मांडला. या छोट्या उपक्रमातून पुढे अनेक देशांतील शाळांना जोडणारी नदी-अभ्यासाची एक साखळी उभी राहिली. काविळीच्या काही रुग्णांपासून एक शैक्षणिक चळवळ सुरू झाली, ही गोष्ट आपण डॉक्टरांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

वर्षभराची नदीशाळा

बडोद्यात असे काही करावयाचे झाल्यास त्याला मोठा निधी लागणार नाही. इयत्ता आठवी-नववीच्या पंचवीस-तीस मुलांचा एक गट आणि वर्षातून पाच फेऱ्या, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

पहिली फेरी श्रावणात, पावागढच्या पायथ्याशी. झाडीखालची माती आणि उघड्या उतारावरची माती यांवर मुलांनी सारख्याच मापाचे पाणी ओतावे आणि ते मुरावयास किती वेळ लागतो हे घड्याळ लावून पाहावे. पूर कोठे जन्मतो हे त्या दहा मिनिटांत जेवढे कळेल, तेवढे धडा वाचून कळणार नाही.

दुसरी फेरी अजव्याला, पाऊस ओसरल्यावर. बांध, दरवाजे, पातळीचे आकडे. हे पाणी गुरुत्वाकर्षणाने शहराकडे कसे येते हे तेथे समजते आणि जादा पाणी नदीत का सोडावे लागते हेही.

तिसरी फेरी स्वतःच्या गल्लीत. प्रत्येक मुलाने आपल्या घराच्या गच्चीवरचे पाणी कोणत्या नाळीतून, कोणत्या कांसात आणि तेथून नदीला कोठे मिळते याचा नकाशा काढावा. शेजारच्या वृद्धांना विचारून जुन्या, आता बुजलेल्या तलावांच्या जागाही त्यात दाखवाव्यात. आजोबांना या अभ्यासात नातवाइतकेच काम मिळेल.

चौथी फेरी हिवाळ्यात सयाजीबागेत. १८७९ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या या बागेला नदीचा शेजार आहे. थंडीत मगरी उन्हासाठी काठावर येतात. पुलावरून, दुर्बिणीने, सुरक्षित अंतरावरून त्यांची आणि पक्ष्यांची नोंद करावी. मगरीला उतरता मातीचा काठ का लागतो आणि सिमेंटच्या उभ्या भिंतीवर तिचे काय होईल, हा प्रश्न मुलेच विचारतील.

पाचवी फेरी पिंगळवाड्याकडे, संगमाच्या बाजूला. आपण शहरात जे पाण्यात टाकले ते पुढे कोणाच्या शेताला, कोणाच्या गुरांना मिळते हे तेथील ग्रामस्थांच्या तोंडून ऐकावे.

प्रत्येक ठिकाणी पाण्याची साधी तपासणी करता येते: तापमान, गढूळपणा, आम्लता, विद्राव्य प्राणवायू. बाहेर स्नानाला योग्य पाण्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम प्राणवायू हवा, जैविक प्राणवायूची मागणी तीन मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि शंभर मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्मची संख्या पाचशेपर्यंत इष्ट, अडीच हजार ही कमाल मर्यादा. जीवाणूंची तपासणी प्रयोगशाळेतच व्हावी. आपल्यातील पॅथॉलॉजिस्ट मित्रांनी दिवसाचा एक तास दिला तर तेही अवघड नाही.

एक नियम मात्र अटळ असावा. विश्वामित्रीच्या पाण्यात कोणीही उतरावयाचे नाही आणि नावेतही बसावयाचे नाही. नमुना घ्यावयाचा तो पुलावरून, दोरीला बांधलेल्या बादलीने. दर सहा-सात मुलांमागे एक जबाबदार प्रौढ, पायात बंद बूट, पालकांची लेखी संमती आणि जवळचे रुग्णालय कोणते याची आधी केलेली चौकशी. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर फेरी रद्द.

आपण काय देऊ शकतो

या कामात शिक्षक, वनस्पतिशास्त्रज्ञ, अभियंते हवेतच. परंतु डॉक्टरांना देता येण्यासारख्या दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे सुरक्षिततेचा विश्वास. आईबाप मुलाला पाठवितील ते सोबत डॉक्टर आहे म्हणून. जखम असलेल्या मुलाला पाण्यापासून, चिखलापासून दूर ठेवणे, साबणाने हात धुवून घेणे, धनुर्वाताची लस झाली आहे की नाही हे पाहणे, दम्याच्या मुलाचा पंप बरोबर घेणे, सर्पदंशात काय करू नये हे सर्वांना आधीच सांगणे. ही कामे आपल्याला सहज जमतात आणि त्यांच्याशिवाय असा उपक्रम कोणी सुरू करू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, ती म्हणजे आपली नोंदवही. पुराचे आजार पुराबरोबर येत नाहीत. पाणी ओसरल्यावर, वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे गेल्यावर येतात. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस साधारणतः एक-दोन आठवड्यांनी दिसतो. सुरत, नवसारी, वलसाडकडील आपल्या सहकाऱ्यांना त्याचा दीर्घ अनुभव आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत वाढतो. ‘हिपॅटायटिस ए’ आणि ‘ई’ ची कावीळ तर महिन्याने, कधी त्याहूनही उशिरा येते, आणि गरोदर स्त्रीला ‘ई’ किती घातक ठरू शकते हे सांगण्याची गरज नाही. पुरानंतरचे आठ आठवडे आपल्यापैकी प्रत्येकाने ताप, जुलाब व कावीळ यांचे रुग्ण केवळ वस्तीनुसार मोजले, रुग्णाचे नाव न घेता, आणि ती संख्या मुलांनी काढलेल्या कांसांच्या नकाशावर मांडली, तर कोणत्या वाटेचे पाणी आजार आणते हे स्पष्ट दिसू लागेल. असा नकाशा हाती घेऊन महापालिकेकडे गेलेल्या नागरिकाचे म्हणणे ऐकावेच लागते. तक्रार मोघम असते; नकाशा मोघम नसतो.

मुलांवर नदी वाचविण्याचे ओझे टाकावयाचे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. भराव थांबविणे, सांडपाणी अडविणे, कांसा मोकळ्या ठेवणे ही मोठ्यांची आणि प्रशासनाची कामे आहेत. मात्र ज्या मुलाने चौदाव्या वर्षी पावागढच्या मातीत पाणी मुरताना पाहिले, ते चाळिसाव्या वर्षी अभियंता, नगरसेवक, बांधकाम व्यावसायिक किंवा डॉक्टर झाल्यावर कोतराला पडीक जागा म्हणणार नाही. नदीच्या रक्षणाची मुदत एका पावसाळ्याची नसते. ती अशी पंचवीस वर्षांची असते, आणि म्हणून आरंभाला उशीर परवडत नाही.

पुढचा पावसाळा येण्यापूर्वी प्रत्येक वाचकाने एवढे एक तरी करावे: आपल्या घरावर पडणारे पाणी कोणत्या कांसाने विश्वामित्रीला जाते, हे घरातल्या मुलांना बरोबर घेऊन चालत जाऊन पाहावे. वाटेत ते पाणी कोठे अडते, कोठे घाण होते, तेवढे एका कागदावर टिपून ठेवावे. आपल्या मंडळाच्या बैठकीत असे पंधरा-वीस कागद एकत्र आले, की नदीशाळेचा पहिला नकाशा तयार होईल.